पायंडा पडायच्या आधी

मे महिन्यात निफाड तालुक्यातले तिघे माझ्या टेबलासमोर येऊन बसले. शेतकरी गटातली पोरं, चार वर्षांपासून स्वतःच्या नावावर द्राक्षं युरोपात पाठवतात. मधल्याने फोन पुढे सरकवला. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने एका कंटेनरवर दणदणीत कपात लावली होती. कारण दिलं होतं मणीगळ आणि काही पनेटांत बुरशी. पुरावा म्हणून सहा फोटो.

"काका, सर्व्हे रिपोर्ट मागितला तर म्हणतो, आपल्यात सर्व्हेची पद्धतच नाही. असं कुठं असतं का?"

मी म्हटलं, आधीचे मेसेज दाखव. तिथे सगळं होतं. मागच्या तीन मोसमांत पाच वेळा कपात झालेली. दर वेळी नुसते फोटो आलेले, दर वेळी रक्कम लहान, आणि दर वेळी यांचं उत्तर एकच: ओके सर, नो प्रॉब्लेम. एकदा तर हात जोडल्याचं चित्रही. खरेदीदार खोटं बोलत नव्हता. फोटो पाहून कपात मान्य करायची पद्धत त्या दोघांत खरोखरच पडली होती, आणि ती पाडायला यांनीच हात लावला होता.

आता ऑक्टोबर छाटणीच्या बागांत मण्यांत पाणी उतरायला लागलंय. पुढच्या मोसमाचे सौदे याच दिवसांत फोनवर ठरतात. म्हणून जे माल बाहेर पाठवतात, मग तो द्राक्षं असो, कांदा असो, बेदाणा, हळद नाहीतर इचलकरंजीचं कापड, त्या सगळ्यांना हे आत्ताच सांगतो. मी वकील नाही. वीस-बावीस वर्षं नाशकात निर्यातीचे कागद करतो, आणि वकिलाकडे जायची पाळी कशी येते ते या खुर्चीवरून बरं दिसतं.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की जे कागदावर नाही ते बंधनकारक नाही. गंमत म्हणजे आपल्याच बाजारात आपण उलटं वागत आलोय. वजनातून कापला जाणारा कडता कुठल्या करारात लिहिलेला होता? हापूसची पेटी म्हटल्यावर आत चार डझन की आठ डझन हे फळाच्या आकारावरून ठरतं, हे कुणी कुणाला लिहून देतं का? वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून लाखांचे सौदे झाले, त्याला कुठली पावती होती? घरच्या बाजारात रिवाज कसा चालतो हे आपल्याला आईच्या भाषेसारखं ठाऊक असतं. परदेशातल्या बाजारालाही त्याचे रिवाज आहेत हे मात्र आपण विसरतो, आणि ते आपल्याला कुणी शिकवलेले नसतात.

जगभरच्या माल-विक्रीसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक करारनामा आहे. ११ एप्रिल १९८० रोजी तो व्हिएन्नात मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. वकील मंडळी त्याला सीआयएसजी म्हणतात, आपण व्हिएन्नाचा करारनामा म्हणू. नव्वदच्या वर देश त्यात आहेत. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, अमेरिका, चीन, जपान, ब्राझील हे सगळे आहेत. भारत नाही, इंग्लंडही नाही. या करारनाम्याचं नववं कलम रिवाजांबद्दल आहे आणि त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नका.

पहिली म्हणजे दोघांतली वहिवाट. तुम्ही आणि तुमचा खरेदीदार एकमेकांशी वारंवार जसे वागलात, ते तुम्हा दोघांना बांधतं. बाकीचा बाजार काय करतो याच्याशी तिचा संबंध नाही. निफाडच्या पोरांचं प्रकरण या प्रकारातलं.

दुसरी म्हणजे त्या धंद्याचा रिवाज. जो रिवाज तुम्हाला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, आणि त्या प्रकारच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात जो सर्रास माहीत असतो आणि नेमाने पाळला जातो, तो तुमच्या करारात न लिहिताही आहे असं धरलं जातं. 'माहीत असायला हवा होता' हे शब्द नीट वाचा. मला कुणी सांगितलं नाही, मी नवीन आहे, ही सबब त्या शब्दांपुढे टिकायला अवघड.

हे कोर्टात कसं उतरतं त्याची एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या रोजच्या कागदांतल्या दोन-तीन चुका एकदम दिसतात. इक्वाडोरच्या सरकारी तेल कंपनीने, पेट्रोइक्वाडोरने, बीपीकडून १ लाख ४० हजार बॅरल पेट्रोल घेतलं. पेट्रोलात गम नावाचा चिकट अंश असतो. तो दर १०० मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवा अशी अट होती. भाव सीएफआर, म्हणजे जहाजभाड्यासकट, ला लिबर्टाद या बंदरापर्यंतचा. कायद्याच्या ओळीत इक्वाडोरच्या कायद्याचं नाव होतं. जहाजावर चढवायच्या आधी पेट्रोइक्वाडोरनेच नेमलेल्या तपासणी कंपनीने नमुना तपासला, गम मर्यादेत निघाला. जहाज पोहोचल्यावर पुन्हा तपासला तर गम जास्त. पेट्रोइक्वाडोरने माल नाकारला, बीपीने तो तोट्यात दुसरीकडे विकला आणि दावा ठोकला.

अमेरिकेतल्या खालच्या कोर्टाने इक्वाडोरचा देशी कायदा लावला. त्याप्रमाणे मुक्कामाच्या बंदरात माल अटीबरहुकूम हवा होता, म्हणून बीपी हरली. २००३ साली अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. ते म्हणालं, इक्वाडोर व्हिएन्नाच्या करारनाम्यात आहे, तेव्हा आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी इक्वाडोरचा कायदा म्हणजे तोच करारनामा. त्याचं नववं कलम रिवाज आत घेतं. आणि सीएफआर या तीन अक्षरांचा अर्थ इन्कोटर्म्सप्रमाणे लावणं हा जगभरच्या व्यापाराचा रिवाज आहे. करारात 'इन्कोटर्म्स' हा शब्द आलाच नव्हता, तरी ते लागू. त्या वेळच्या इन्कोटर्म्सप्रमाणे माल चढवण्याच्या बंदरात जहाजाच्या कठड्यापलीकडे गेला की जोखीम खरेदीदाराची. म्हणजे वाटेत गम वाढला असेल तर ते पेट्रोइक्वाडोरचं दुखणं. गम वाढणार हे बीपीला आधीच ठाऊक असून तिने लपवलं का, एवढाच प्रश्न पुढे तपासायला ठेवला.

तीन अक्षरं आणि कायद्याबद्दलची एक ओळ. दोन्ही आपण रोज लिहितो, बहुतेक वेळा जुन्या फाईलवरून उचलून.

इन्कोटर्म्स म्हणजे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने, आयसीसीने, बांधून दिलेले व्यापारी शब्दांचे अर्थ. पहिला संच १९३६ चा, सध्याचा २०२० चा, त्यात ११ शब्द आहेत. हा कुठल्या देशाचा कायदा नव्हे. व्यापाऱ्यांच्या बोलीतूनच हे अर्थ गोळा झाले आणि मग छापले गेले. आपल्याकडे जो तो एफओबी न्हावा शेवा लिहितो. एफओबी ही जहाजावर थेट चढणाऱ्या मालाची अट, आणि कंटेनरसाठी ती वापरू नका, एफसीए वापरा असं आयसीसी स्वतःच सांगते. का? तुमचा रीफर, म्हणजे थंड, कंटेनर टर्मिनलच्या गेटातून आत गेला की तो तुमच्या हातात नसतो. तो तिथे दोन-तीन दिवस उभा राहिला, मधे वीज गेली, तापमान शून्याच्या आसपास राहायचं ते आठवर गेलं, तर एफओबीत ती जोखीम तुमची, कारण माल अजून जहाजावर चढलेला नाही. एफसीएत ठरल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम पलीकडे गेली. माझ्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ जण एफओबीच लिहितात. विचारलं तर सांगतात, सगळे तेच लिहितात. हाही रिवाजच म्हणायचा, फक्त आपल्याला महागात पडणारा.

सीआयएफ लिहिणाऱ्यांनीही एक पाहून ठेवा. वेगळं काही ठरलं नसेल तर सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढायचा विमा किमान संरक्षणाचा असतो. रीफर बंद पडून द्राक्षं गेली तर त्या किमान विम्यातून काही हाती लागत नाही. विमा काढलाय म्हणून निर्धास्त झोपलेला खरेदीदार उठला की भांडण तुमच्याशीच करणार.

आता दिवसांचा रिवाज. व्हिएन्नाच्या करारनाम्यात खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासावा आणि दोष दिसल्यापासून 'वाजवी मुदतीत' कळवावा असं आहे. वाजवी म्हणजे किती? ते माल सांगतो आणि धंदा सांगतो. ताज्या फुलांच्या एका खटल्यात जर्मनीतल्या सारब्रुकनच्या न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं, फुलं पोहोचली त्याच दिवशी तपासायला हवीत. लाकडाचं वेगळं. बव्हेरियात टेगर्नझे नावाचं तळं आहे, त्याच्या नावाने ओळखले जाणारे लाकूड व्यापाऱ्यांचे जुने लिखित रिवाज जर्मनी आणि ऑस्ट्रियात चालतात. त्यात तक्रारीला १४ दिवस आहेत. २००० साली ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा रिवाज करारनाम्यातल्या तपासणी-तक्रारीच्या सर्वसाधारण नियमाच्या आधी लागू होतो असं धरलं. ज्याला त्या तळ्याचं नावही माहीत नाही त्याने तिकडे लाकूड विकायला घेतलं, तर तळ्याचा नियम त्याला सोडणार नाही.

याच न्यायाने, तुमचा कंटेनर सोमवारी रॉटरडॅमला उघडला आणि तक्रार पुढच्या पंधरवड्यात आली, तर द्राक्षासारख्या नाशवंत मालात ती उशिराची आहे असं म्हणायला तुमच्याकडे चांगली जागा आहे. रिवाज नेहमी आपल्याविरुद्धच जातो असं नाही. पण ती जागा वापरायची तर कंटेनर कधी उघडला, पहिला मेसेज कधी आला, हे तुमच्याकडे तारीखवार लागतं. मोबाईल बदलला आणि चॅट गेले, हे मी दर वर्षी ऐकतो.

इथे कुणी म्हणेल, भारत त्या करारनाम्यात नाही ना, मग आपल्याला काय? दोन गोष्टी. एक, खरेदीदाराच्या पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरात 'नेदरलँड्सचा कायदा लागू' किंवा 'जर्मन कायदा लागू' अशी ओळ असते. ती तुम्ही मुकाट मान्य केलीत की बीपीच्या खटल्यात इक्वाडोरचं झालं तसंच होतं आणि व्हिएन्नाचा करारनामा त्या ओळीच्या मागून आत येतो. नको असेल तर तो वगळता येतो, पण तसं स्पष्ट लिहावं लागतं. इंग्लंडच्या धान्य व्यापारी संघटनेचे, गाफ्टाचे, करार किंवा लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेचे नियम तो चक्क नाव घेऊन वगळतात आणि इंग्लिश कायदा लावतात. विदर्भ-खानदेशातून कापूस पाठवणाऱ्यांनी लिव्हरपूलचे नियम एकदा तरी वाचायला हवेत. त्यांच्या सौद्यांवर बहुधा तेच राज्य करतात.

दुसरी गोष्ट, भारतीय कायदा लागला तरी रिवाजापासून सुटका नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या पहिल्याच कलमात व्यापारी रिवाजांना हात न लावण्याची तरतूद आहे, त्या कायद्याशी विसंगत नसले म्हणजे झालं. १९३० च्या माल-विक्री कायद्याचं ६२ वं कलम सांगतं की कायद्याने आपोआप येणारे हक्क आणि जबाबदाऱ्या स्पष्ट कराराने, दोघांच्या व्यवहाराच्या वहिवाटीने किंवा दोघांना बांधणाऱ्या रिवाजाने बदलता येतात. लवादाकडे गेलात तर १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे लवादाने कराराच्या अटी आणि लागू होणारे व्यापारी रिवाज दोन्ही विचारात घ्यायचेच आहेत. आणि रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा असावा लागतो असंही नाही. १८५९ मध्येच कलकत्त्याहून आलेल्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की व्यापाराचा रिवाज पुरातन असायची गरज नाही. अजून घडत असलेला रिवाजही चालतो, तो इतका माहितीतला हवा की दोघांनी मनात धरला असेल असं समजता यावं. म्हणजे व्हॉट्सअॅपवर सौदे करायला लागून काही वर्षंच झाली, म्हणून त्यातली पद्धत कायद्याच्या बाहेर राहत नाही.

मुंबईशी जोडलेली एक जुनी गोष्ट इथे आठवते. १८६४ साली इंग्लंडच्या कोर्टात कापसाच्या १२५ गाठींचा खटला आला. माल 'सुरत' कापूस, पश्चिम भारतातल्या कापसाला लिव्हरपूलचे व्यापारी तेव्हा सरसकट तेच नाव देत. अट होती 'पिअरलेस' जहाजाने मुंबईहून येणारा. जहाजाचं नाव घालायचा तेव्हाचा रिवाज होता, कारण माल अजून समुद्रावर असायचा आणि जहाज बुडालं तर सौदा राहायचा नाही. घोटाळा एवढाच झाला की पिअरलेस नावाची दोन जहाजं मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात, एक डिसेंबरात. खरेदीदाराच्या डोक्यात पहिलं, विक्रेत्याने माल आणला दुसऱ्यातून. कोर्टाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. रिवाजाने जहाजाचं नाव लिहायला लावलं, तारीख लिहायला मात्र कुणालाच सुचलं नाही.

कुणाचा रिवाज, हा प्रश्न मात्र मला अजून सतावतो. १९६४ मध्ये हेगला झालेल्या आधीच्या समान विक्री कायद्यात रिवाजांना फार मोकळीक होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी तक्रार केली की हे रिवाज लंडन, हॅम्बुर्ग, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी आपापसात पाडले, ते घडत असताना आम्हाला विचारलं कुणी? त्या भांडणातून व्हिएन्नाला शब्द घट्ट केले गेले: दोघांना माहीत असायला हवा, आंतरराष्ट्रीय व्यापारात सर्वदूर माहीत असायला हवा, नेमाने पाळला जात असायला हवा. हे तिन्ही शब्द आपल्या कामाचे आहेत. खरेदीदार म्हणतो, 'इकडे असंच चालतं', तेव्हा 'इकडे' म्हणजे कुठे, हे विचारा. एका गावच्या बाजारातली किंवा एका सुपरमार्केटच्या साखळीतली पद्धत म्हणजे आंतरराष्ट्रीय रिवाज नव्हे. आणि रिवाज आहे असं जो म्हणतो, तो सिद्ध करायचं ओझं साधारणपणे त्याच्यावर असतं. फक्त एक ध्यानात ठेवा, तुम्ही एका देशात वर्षानुवर्षं माल विकत असाल तर तिथला रिवाज माहीत नव्हता हे पटवून देणं कठीण जातं. संगमरवराच्या लाद्यांच्या एका प्रकरणात ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या न्यायालयाने विक्रेत्याला जवळपास हेच सुनावलं होतं.

वहिवाट पडायला किती वेळा लागतं, हे मला सगळे विचारतात. ठरीव आकडा नाही. जर्मनीत डुइसबुर्गला पिझ्झाच्या खोक्यांवरून भांडण झालं, तेव्हा कोर्टाने सांगितलं की आधी दोनदाच माल गेला असेल तर त्याला वहिवाट म्हणता येत नाही, व्यवहार काही काळ आणि पुरेशा वेळा झालेला हवा. आता निफाडच्या पोरांचं पाहा: तीन मोसमांत पाच वेळा. तुम्हीच मोजा.

आणि गप्प राहणं. आपला स्वभाव आहे, वादाचा मेल आला की दोन दिवस बघू म्हणायचं. नुसत्या मौनाला संमती धरत नाहीत, हे व्हिएन्नाच्या करारनाम्यातही आहे. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्ये एका व्यवहारात वेगळं पाहिलं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडे असा रिवाज होता की बोलणं झाल्यावर एकाने ते लिहून पक्कं केलं आणि दुसरा गप्प राहिला, तर लिहिलेलं पक्कं. न्यायालयाने तो रिवाज लावला. तिकडच्या खरेदीदाराचा 'आपल्या फोनप्रमाणे' अशी सुरुवात असलेला मेल आला आणि आत तुम्ही न बोललेली एखादी अट असली, तर त्याच संध्याकाळी उत्तर द्या. एक ओळ पुरते: ही अट आपल्यात ठरलेली नाही.

आपल्या द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक. 'एमजी' म्हणजे मिनिमम गॅरंटी आणि 'कन्साइनमेंट' हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला फरक विरून गेलाय. कन्साइनमेंट म्हणजे तिकडचा माणूस तुमचा अडत्या, माल तुमचाच, विकेल तशी पट्टी पाठवेल. ती विक्रीच नसते, त्यामुळे विक्रीचे नियम तिथे जसेच्या तसे लागत नाहीत. एमजी म्हणजे किमान भाव. पण त्या किमान भावातून क्लेम कापायचा की नाही, याला इन्कोटर्म्ससारखी छापील व्याख्या कुठे नाही. तुम्ही जी लिहाल ती, नाहीतर तुमच्या दोघांत आजवर जशी चालली ती. 'एमजीखाली कुठलीही कपात नाही, सर्व्हे रिपोर्टशिवाय तर मुळीच नाही' असं लिहायला एक मिनिट लागतं, आणि ते एक मिनिट कुणी देत नाही.

बँकेतून एलसीवर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, काम करणाऱ्यांना एका शब्दाची जाण असू द्या. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, २००७ पासून चालू आहेत. वर्णनात 'अबाउट' हा शब्द असेल तर त्या आकड्यात १० टक्के कमी-जास्त चालतं. नसेल तर साधारणपणे परिमाणात ५ टक्के सूट मिळते, पण पेट्यांची किंवा नगांची संख्या लिहिली असेल तर ती सूटही नाही. म्हणजे २० टन लिहिलं असताना साडेएकोणीस टन गेले तर चालतील, आणि एक हजार पेट्या लिहिल्या असताना नऊशे नव्याण्णव गेल्या तर बँक कागद परत करू शकते. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. पॅकहाऊसमध्ये एक पेटी चेपली, काढून ठेवली, आणि कागदावर आकडा खरा लिहिला. प्रामाणिकपणाचा दंड.

उपाय साधा आहे. रिवाज किती का जुना असेना, स्पष्ट लिहिलेल्या अटीपुढे त्याला मान खाली घालावी लागते. व्हिएन्नाच्या करारनाम्यात तसं आहे, आपल्या कायद्यातही लिखित अटीला छेद देणारा रिवाज पुराव्यात घेत नाहीत. म्हणून सौदा फोनवर झाला तरी एक पानी पुष्टी पाठवा. त्यात जोखीम कुठे बदलते ते वर्षासकट लिहा, नुसतं एफसीए नको, 'इन्कोटर्म्स २०२०' आणि जागेचं नाव हवं. तक्रार किती तासांत आणि कशी कळवायची, सर्व्हेअर कोण नेमणार, त्याचा खर्च कुणाचा, तापमानाचा रेकॉर्डर कुणी आणि कधी वाचायचा, कायदा कुठला, लवाद कुठे, हे सगळं पानाच्या दोन तृतीयांशात बसतं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. अर्थ दोन होणार नाहीत एवढं बघा.

पण लिहून मग स्वतःच ते पाळलं नाही तर? इथे बहुतेक जण घसरतात. 'सर्व्हेशिवाय कपात नाही' असं छापून घ्यायचं आणि पहिल्याच क्लेमला फोटोवर पैसे सोडायचे. असं दोन-चार वेळा झालं की तुमची अट तुमच्याच वागण्याने पुसली जाते. कधी सोडावं लागतं, मान्य. खरेदीदार जुना असतो, रक्कम लहान असते, पुढचा कंटेनर समुद्रात असतो, भांडून काय करणार. सोडा, पण सोडताना लिहा की हे याच कंटेनरपुरतं, नात्याखातर, हक्क राखून, याचा पुढे पायंडा धरू नये. आपल्या तहसील कचेरीतल्या कारकुनालाही 'हक्क राखून' हे शब्द ठाऊक असतात. आपण मात्र लाखोंचे पैसे हात जोडल्याच्या चित्रावर सोडून देतो.

त्या दिवशी मी त्या पोरांना एक मेसेज मराठीत सांगितला, धाकट्याने इंग्रजीत टाईप केला. या कपातीला आमची मान्यता नाही. आधीच्या कपाती आम्ही रक्कम लहान म्हणून सोडल्या, फोटोवर कपात मान्य आहे म्हणून नव्हे. यापुढे कंटेनर उघडल्यापासून २४ तासांत तक्रार आणि आपण दोघांनी मान्य केलेल्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, याशिवाय कुठलीही वजावट आम्हाला बंधनकारक नाही. मागच्या तीन वर्षांचं त्यातून किती सुटेल हे मीही त्यांना खात्रीने सांगू शकलो नाही. पुढच्या मोसमासाठी मात्र काहीतरी कागदावर आलं.

मेसेज गेला. निळ्या खुणा झाल्या. चहा संपेपर्यंत उत्तर आलं, एकाच शब्दाचं: 'नोटेड'.

मधला खूश झाला. धाकटा फोनकडे बघत राहिला. "काका, नोटेड म्हणजे कबूल केलं, की नुसतं वाचलं?"

"तेच त्याला लिहून विचार," मी म्हटलं. "आत्ता."